दुपारचे ताट

रमजानच्या पहाटे घरातल्या सगळ्यांची सहेरी करणारी सून सात महिन्यांची गरोदर असते. तपासणीत शुगर निघालेली, इन्सुलिन सुरू झालेले. तरी ती रोजा धरते आणि डॉक्टरांना सांगत नाही. नाहीतर रोजा सोडते आणि स्वयंपाकघरात पाठ फिरवून दोन घास चोरून खाते. दोन्हींमागे भीती एकच, लोक काय म्हणतील.

दीन काय म्हणतो हे मात्र स्पष्ट आहे. सुरह अल-बकरामध्ये जिथे रोजे फर्ज झाले, तिथेच आजारी माणसाला ते नंतर पूर्ण करण्याची मुभा आहे. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातेची सवलत हदीसमध्ये आली आहे. हनफी मतानुसार राहिलेल्या रोजांची कजा पुरेशी. कोकणातल्या शाफई घरांत, भीती केवळ बाळासाठी असेल तर कजेबरोबर फिदिया, म्हणजे रोजामागे एका गरिबाचे अन्न. हा हिशेब पुढे फेडता येतो.

शरीराचा हिशेब थांबत नाही. वारेतल्या संप्रेरकांमुळे गरोदरपणात इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. म्हणून पहिल्या तपासणीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त पाहतात. 140 किंवा अधिक आले की मधुमेह धरतात. उपाय म्हणजे थोडे थोडे, वेळेवर खाणे, चालणे, लागल्यास औषध. रोजात नेमके उलटे होते. तेरा-चौदा तास पोट रिकामे आणि मग खजूर, सरबत, भजी एकदम. इन्सुलिन घेणारीची साखर दुपारी धोकादायक उतरते, इफ्तारनंतर झपाट्याने चढते. साखर अशी बेताल राहिली तर बाळ अवाजवी मोठे होते, बाळंतपण अडते, जन्मताच बाळाची साखर एकदम खाली येते.

केवळ पथ्यावर साखर आटोक्यात असलेल्या एखादीला डॉक्टर रोजाची परवानगी देतीलही. तिने दिवसा ग्लुकोमीटर वापरावा. बोटाला सुई टोचल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. साखर 70 च्या खाली गेली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर मगरीबची वाट न पाहता रोजा सोडावा आणि दवाखाना गाठावा.

बाकीच्यांचे दुपारचे ताट सासूबाईंनीच वाढावे, सगळ्यांसमोर. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपासायची असते, तीही आठवण त्यांनीच ठेवावी. तेव्हा घर बारशा-अकीक्याच्या गडबडीत असते आणि ती तपासणी राहून जाते.