चमचा फिरवण्याआधी माप हातात घ्या

कॉकटेल ही आता केवळ पुण्या-मुंबईच्या बारमधली गोष्ट राहिलेली नाही. लांब दांड्याचा चमचा, बर्फ आणि उंच काचेचे भांडे घेऊन घरीच पेय ढवळायला शिकवणारे व्हिडिओ भंडारा, तुमसर, साकोलीतल्या मोबाइलवरही दिसतात. मद्य न घेणे हाच आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत चांगला सल्ला आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्ण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही जे घेतात आणि घरी कॉकटेल शिकू पाहतात, त्यांनी आधी मोजायला शिकावे.

ढवळण्यामागचे शास्त्र सोपे आहे. चमचा फिरला की बर्फ वितळतो, पेय थंड होते आणि थोडे पातळही होते. अल्कोहोलमुळे गोठणबिंदू खाली येत असल्याने असे पेय शून्य अंशाच्याही खाली जाऊ शकते. थंडपणामुळे जिभेला आणि घशाला जळजळ कमी जाणवते. फळांचा रस किंवा साय असलेली पेये जोरात हलवून करतात. मार्टिनी, मॅनहॅटन, नेग्रोनी यांसारखी, जवळजवळ निव्वळ मद्यांचीच पेये ढवळून करतात. म्हणजे ढवळलेले पेय बहुधा सर्वांत कडक असते आणि तेच सर्वांत मऊ लागते. साधारण २० ते ३० टक्के अल्कोहोलचे पेय रिकाम्या पोटी झपाट्याने रक्तात उतरते, आणि बर्फात ढवळलेले कॉकटेल नेमके याच पट्ट्यात येते.

आता हिशेब पाहू. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, जिनच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असा आकडा असतो. ६० मिलिलिटरच्या लार्ज पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जाते. नेग्रोनीत जिन, व्हर्मुथ आणि कॅम्पारी प्रत्येकी ३० मिलिलिटर असते. तिचाही हिशेब जवळपास तेवढाच. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकामी करते. म्हणजे एका ग्लासाला दोन ते तीन तास. लिंबूपाणी, कॉफी किंवा थंड पाण्याच्या आंघोळीने हा वेग वाढत नाही. ६० किलो वजनाच्या पुरुषाने रिकाम्या पोटी एवढे घेतले, तर १०० मिलिलिटर रक्तात ४० ते ५० मिलिग्रॅम अल्कोहोल दिसू शकते. स्त्रियांमध्ये त्याहून जास्त. वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. साकोलीहून भंडाऱ्याला राष्ट्रीय महामार्गाने परतणाऱ्या पाहुण्याने ‘एकच तर घेतला’ म्हणण्यात म्हणूनच अर्थ नाही.

बारमध्ये पेगमेजर असते. घरी ‘दोन बोटं’ असतात आणि त्यावर आपला आग्रह. पंगतीत जिलेबी वाढावी तसा यजमान अर्धा ग्लास पुन्हा भरतो, आणि पाहुण्याला आपण किती घेतले हे कळतच नाही. जेवणातला आग्रह प्रेमाचा असेल, ग्लासातला आग्रह बंद व्हायला हवा.

मोहाच्या दारूबाबत तर अधिक सावध राहायला हवे. चैत्रात मोहाची फुले वेचणारा हा जिल्हा ‘पहिल्या धारेची’ म्हणजे काय हे जाणतो: भट्टीतून आधी उतरते ती जास्त कडक, नंतरची सौम्य. त्या बाटलीवर आकडा नसतो, मग तिच्या कॉकटेलचे माप कशाने काढणार? शिवाय बेकायदा दारूत औद्योगिक मिथेनॉल मिसळले तर काय होते, हे २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत शंभराहून अधिक मृत्यूंनी दाखवले आहे. दारू प्यायल्यानंतर दुसऱ्या दिवशी जरी नजर धूसर झाली, तरी तातडीने रुग्णालय गाठावे.

पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. अल्कोहोलने लघवी वाढून शरीरातले पाणी घटते आणि तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. घरच्यांना ती निव्वळ झिंग वाटते. क्षयाची औषधे चालू असताना यकृतावर आधीच ताण असतो. या सर्वांनी, तसेच गर्भवतींनी, एक घोटही टाळावा.

पितळेसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडाऱ्यात आणखी एक मोह होईल: तांब्या-पितळेच्या देखण्या ग्लासात लिंबाचे कॉकटेल देण्याचा. कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हे आजीला ठाऊक होते. तोच नियम इथेही. काच किंवा स्टील वापरावे.

महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि परवानाही लागतो. त्यापलीकडचे नियम यजमानानेच घालावेत. प्रत्येक ग्लास पेगमेजरने भरावा आणि त्यात किती मद्य आहे हे पाहुण्याला सांगावे. आधी जेवण द्यावे. चकण्यावर भागवू नये. प्रत्येक ग्लासानंतर पाणी द्यावे, आणि गाडी चालवणाऱ्यासाठी तितक्याच हौसेने कोकम किंवा लिंबाचे सरबत ढवळावे. ‘नको’ म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारू नये.