‘मोतीबिंदू असेल’ म्हणून थांबू नका

पाचोड आणि पंचक्रोशीतल्या बंधू-भगिनींनो,

साठी उलटलेल्या माणसाला कमी दिसायला लागलं की आपल्याकडे निदान घरातच ठरतं : मोतीबिंदू. मग ‘पिकू द्या अजून, मोसंबीची तोड उरकली की दाखवू’ म्हणता म्हणता सहा महिने निघून जातात. मोतीबिंदू असला तर बहुतेक वेळा ऑपरेशननंतर नजर परत येते. पण म्हातारपणी डोळ्यांना असाही एक आजार होतो, ज्यात वाया गेलेले सहा महिने कोणताच डॉक्टर भरून देऊ शकत नाही. त्यासाठीच ही कळकळीची विनंती.

डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा इवलासा भाग असतो. समोरच्याचा चेहरा, पोथीतली ओळ, सुईचं नेढं, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख हे सगळं त्याच्याच जोरावर दिसतं. वयाबरोबर तो झिजतो, त्याला डॉक्टर ‘एएमडी’ म्हणतात. बहुतेकांचा आजार कोरडा असतो आणि सावकाश वाढतो. साधारण दहांतल्या एकाच्या बाबतीत तो ओला होतो. म्हणजे पडद्याखाली नको असलेल्या, कच्च्या रक्तवाहिन्या वाढतात आणि त्यांतून पाणी, रक्त झिरपतं. काही आठवड्यांत, कधी काही दिवसांतच मधली नजर जाते. एकदा तिथे वण धरला की उपाय उरत नाही.

हा आजार फसवा आहे. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, गळत नाही. एक डोळा अधू झाला तरी दुसरा सांभाळून घेतो, त्यामुळे माणसाच्या लक्षातही येत नाही. म्हणून घरातल्या आजी-आजोबांना आजच एवढं करायला लावा : चष्मा असेल तर तो लावून, एक डोळा न दाबता तळहाताने झाकून, दुसऱ्या डोळ्याने दाराच्या चौकटीकडे बघायचं. मग डोळा बदलायचा. मोतीबिंदूत सगळंच धुरकट दिसतं, पण सरळ रेघ सरळच राहते. ओल्या एएमडीत चौकट मध्येच वाकते, खिडकीचे गज नागमोडी होतात, बागेतली ठिबकची नळी वळवळलेली दिसते, किंवा बघू त्या जागी काळपट डाग येतो. असं एका जरी डोळ्याने दिसलं तर पुढच्या शिबिराची वाट बघू नका, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आपल्या ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय गाठा किंवा जालन्याला श्री गणपती नेत्रालयात जा. तिथे ‘पडदा तपासायचाय, रेघा वाकड्या दिसतात’ असं स्पष्ट सांगा. थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि ओसीटी नावाचा फोटो काढतात. त्यात सुई टोचत नाहीत, दुखतही नाही. थेंबांमुळे काही तास अंधुक दिसतं, म्हणून सोबत कोणीतरी हवंच.

आता सगळ्यात मोठ्या भीतीबद्दल. इलाज आहे तो डोळ्यात इंजेक्शन, आणि हे ऐकूनच अनेकजण पाय मागे घेतात. थेंबांनी डोळा बधिर करतात, औषधाने स्वच्छ करतात आणि पांढऱ्या भागातून अगदी बारीक सुईने औषध सोडतात. काही सेकंदांचं काम, त्याच दिवशी घरी. पांढऱ्यावर लाल ठिपका राहिला तर तो एक-दोन आठवड्यांत विरतो. मात्र नंतरच्या दिवसांत दुखणं वाढलं, डोळा लालबुंद झाला किंवा नजर आणखी उतरली, तर रात्र न काढता परत जायचं, कारण आत जंतुसंसर्ग झाला असू शकतो.

खर्चाचंही बोलू. रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट ही औषधं महाग आहेत. बेव्हॅसिझुमॅब मुळात कर्करोगाचं औषध. त्याच्या एका कुपीतून अनेकांचे डोस निघतात, म्हणून ते बरंच स्वस्त पडतं. नजर टिकवण्यात ते रॅनिबिझुमॅबच्या बरोबरीचं ठरल्याचं अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत 2011 साली दिसलं. तेव्हा परवडत नाही म्हणून उपचार सोडण्याआधी डॉक्टरांना दुसऱ्या औषधाचं मोकळेपणाने विचारा. सत्तरीपुढच्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा आणि कशाचा खर्च मिळतो ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्या.

आणि माझं खरं सांगणं इथे आहे : एका इंजेक्शनवर थांबू नका. सुरुवातीला सहसा महिन्याला एक अशी तीन देतात, पुढे पडद्याकडे बघून अंतर वाढवत नेतात. ‘फरक पडला नाही’ म्हणून दुसऱ्या खेपेला न जाणारे आणि ‘आता बरं दिसतं’ म्हणून न जाणारे, दोघांचंही नुकसान सारखंच होतं. नजर आहे तिथे टिकली, तरी इंजेक्शनने काम केलं असं समजायचं.

बिडी-सिगारेट आजच बंद करा, ती हा आजार वाढवते. पालक, मेथी जरूर खा, पण पालेभाजीने पडद्याखालचं पाणी आटत नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्याही मनाने घेऊ नका. त्यांतल्या बीटा कॅरोटीनमुळे धूम्रपान करणाऱ्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

मधली नजर गेलेल्या काही जणांना रिकाम्या ओसरीवर माणसं, लहान मुलं, फुलं दिसतात. शार्ल बोने या स्विस अभ्यासकाने 1760 साली आपल्या आजोबांचं असंच वर्णन लिहून ठेवलं आहे. ही बाहेरची बाधा नाही आणि वेडही नाही. नजरेची कमतरता मेंदू अशा रीतीने भरून काढतो. आजी असं काही सांगू लागल्या तर अंगारे-धुपारे नकोत, त्यांना हसूही नका. डॉक्टरांच्या कानावर घाला.

तरुण पोरांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. गल्लीतल्या ज्यांची इंजेक्शनं चालू आहेत त्यांच्या तारखा मोबाईलमध्ये टाकून घ्या आणि त्या दिवशी त्यांना एसटीत बसवून सोबत जा. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे, 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट आहे. आधार कार्ड, आधीचे ओसीटी रिपोर्ट आणि बीपी-शुगरच्या चालू गोळ्यांची चिठ्ठी पिशवीत असू द्या. कोणत्या डोळ्यात कधी, कोणतं इंजेक्शन दिलं, हे प्रत्येक वेळी कागदावर लिहूनच घ्या.