मौन आणि मुस्कटदाबी

इंग्रजी भाषेत ‘सायलेन्स’ हा शब्द नाम आहे, तसाच तो क्रियापदही आहे. मनुष्य आपण होऊन बोलणे थांबवितो त्या अवस्थेला हा शब्द लावतात आणि दुसऱ्याचे तोंड बंद करण्याच्या कृतीलाही तोच वापरतात. मराठीने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. मौन धरले जाते, पाळले जाते, सोडले जाते. मुस्कटदाबी मात्र केली जाते. मौनाचा कर्ता स्वतः बोलणारा असतो, मुस्कटदाबीचा कर्ता दुसराच कोणी असतो. हा भेद केवळ शब्दकोशातला वाटेल. परंतु वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे तो एकदा साऱ्या देशाच्या राजकारणाला येऊन भिडला होता.

या इंग्रजी शब्दाची संदिग्धता शेक्सपिअरने पुरेपूर ओळखली होती. मरणोन्मुख हॅम्लेट हाच शब्द अखेरीस उच्चारतो आणि तेथे त्याला मृत्यूची गंभीर शांती प्राप्त होते. ‘ज्युलिअस सीझर’मध्ये मात्र सीझरच्या पुतळ्यांवरील भूषणे उतरविणाऱ्या मरुलस आणि फ्लेव्हिअस या दोन लोकप्रतिनिधींचे पुढे काय झाले, हे कॅस्का याच शब्दाने सांगतो. त्यांची पदे गेली की प्राण गेले, याचा उलगडा नाटक करीत नाही. सत्तेला असा शब्द सोयीचा असतो. कृती कठोर असली तरी तिचे नाव सौम्य राहते.

पवनारला वाणीच्या स्वातंत्र्याचा इतिहास आहे. भारतीयांना न विचारता देशाला महायुद्धात ओढले गेले, तेव्हा गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह आरंभिला. युद्धाविरुद्ध बोलण्याचा अधिकार हाच त्या सत्याग्रहाचा मुद्दा होता. पहिले सत्याग्रही म्हणून विनोबा भावे यांची निवड झाली. १७ ऑक्टोबर १९४० रोजी त्यांनी पवनारला युद्धविरोधी भाषण केले आणि चारच दिवसांत त्यांना अटक झाली. शेजारच्या सेवाग्रामात गांधीजी दर सोमवारी मौन पाळीत आणि कागदाच्या चिठ्ठ्यांवर उत्तरे लिहीत. या मौनाने कोणाचा गैरसमज होत नसे, कारण मंगळवारी तोच मनुष्य निर्भयपणे बोलणार, हे सर्वांना ठाऊक असे. बोलण्याचा हक्क आणि न बोलण्याचे व्रत एकाच परिसरात सुखाने नांदत होती.

१९७४ च्या अखेरीस परिस्थिती बदललेली होती. जयप्रकाश नारायण यांच्या बिहार आंदोलनावरून सर्वोदय परिवारात तीव्र मतभेद झाले होते. त्याच काळात, २५ डिसेंबर १९७४ रोजी, विनोबांनी एक वर्षाचे मौन स्वीकारले. सहा महिन्यांनी, २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली, जयप्रकाशांना अटक झाली आणि वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादण्यात आली. ‘इंडियन एक्स्प्रेस’ने २८ जून रोजी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. दिल्लीतील ते कोरेपण मुस्कटदाबीचा निषेध होता, तर पवनारचे मौन हे साधकाचे व्रत होते. पण दोन्हींच्या बाह्य रूपात फरक कोणता दिसणार?

याच मौनकाळात विनोबांकडून ‘अनुशासनपर्व’ हा शब्द आला आणि सरकारी प्रचारयंत्रणेने तो उचलून धरला. आणीबाणी म्हणजे शिस्तीचे पर्व, असा त्याचा अर्थ देशभर सांगितला गेला. ‘सरकारी संत’ हा टोमणा विनोबांच्या वाट्याला आला. वास्तविक महाभारताच्या अनुशासनपर्वात शरशय्येवरील भीष्म युधिष्ठिराला उपदेश करतात. तेथे राजा ऐकणारा आहे, आज्ञा देणारा नाही. २५ डिसेंबर १९७५ रोजी मौन सुटल्यावर विनोबांनी हाच भेद स्पष्ट केला: शासन सत्तेचे असते, अनुशासन आचार्यांचे. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्यांचे संमेलनही भरले. तथापि मधल्या सहा महिन्यांत त्या शब्दाचा अर्थ लावण्याचा मक्ता सत्तेकडेच राहिला होता. पुढे जून १९७६ मध्ये गोहत्याबंदीसाठी उपोषणाचा विनोबांचा संकल्प छापणाऱ्या ‘मैत्री’ या आश्रमाच्या मासिकाचे अंकही पोलिसांनी जप्त केले. ज्यांचे मौन सरकारला प्रिय होते, त्यांचे बोलणे मात्र त्याला सोसवले नाही.

विनोबांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे येथे प्रयोजन नाही. मौन हा व्यक्तीचा अधिकारच आहे. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभ्या राहिलेल्या, पण न गाणाऱ्या केरळमधील मुलांना शाळेतून काढले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली त्यांचा पक्ष उचलून धरला आणि भाषणस्वातंत्र्यात न बोलण्याचे स्वातंत्र्यही येते, हे मान्य केले. प्रश्न आहे तो मौनाच्या अर्थाचा. मौन म्हणजे संमती, हा संकेत आपल्याकडे जुना आहे आणि युरोपातही. सर टॉमस मोर यांनी १५३५ साली आपल्या खटल्यात याच संकेताचा आधार घेतला होता. राजाने त्यांचे मौन विरोध मानले आणि त्यांचा शिरच्छेद केला. पवनारचे मौन राजसत्तेने संमती मानले. दोन्ही ठिकाणी अर्थ मौन धरणाऱ्याने ठरविला नाही.

म्हणूनच डिसेंबर १९७५ मधील कराडच्या साहित्य संमेलनाचे स्मरण ठेवावयास हवे. अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी आजारी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना ते केले गेले. त्या प्रार्थनेचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागला नाही, कारण तिच्यामागे उघडपणे उच्चारलेले शब्द उभे होते.

आणीबाणीला २०२५ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या काळाचा हिशेब बहुधा कोण बोलले आणि कोण गप्प राहिले एवढ्यावरच मांडला जातो. तो अपुरा आहे. जे गप्प आहेत त्यांना वाटेल तेव्हा गप्प राहणे सोडता येते काय, ही खरी कसोटी होय. येत असेल तर ते मौन. येत नसेल तर ती मुस्कटदाबी. आणि शेजारी मुस्कटदाबी चालू असताना धरलेले मौन कितीही शुद्ध असले, तरी त्याचे भाष्य लिहिण्याचे काम इतरांच्या हाती जाते, हे पवनारने देशाला फार मोठी किंमत देऊन शिकविले आहे.