विजेची गाडी विरारपर्यंत

गेल्या हिवाळ्यांत घरांतील मुलांबाळांना घेऊन आम्ही दिल्लीस गेलों होतों. तेथील रेल्वे-संग्रहालयांत 'सर रॉजर लम्ले' नांवाचें एक जुनें विजेचें एंजिन ठेवलेलें आहे. लम्लेसाहेब १९३७ पासून १९४३ पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. डेक्कन क्वीन १९३० सालीं सुरू झाल्यावर ज्या जातीच्या विलायती एंजिनांनीं ती पुण्यास नेली, त्यांपैकींच हें एक. त्याच संग्रहालयांत 'सर लेस्ली विल्सन' हें मालगाडीचें लांब नाकाचें एंजिनही आहे. त्याच्या भावंडांस रेल्वेचे लोक 'खेकडा' म्हणत. मुलें हरखून गेलीं, आणि खरें सांगावयाचें तर त्यांच्याहून अधिक आम्ही हरखलों. इतक्यांत पुतण्याच्या सात वर्षांच्या मुलानें आमचा हात ओढून विचारलें, "आजोबा, हें आपल्या पालघरला यायचं का?"

"नाहीं रे," आम्ही म्हणालों, "आपल्याकडे कोळशाचं यायचं."

त्याचें समाधान झालें व तो पळाला. आमचें झालें नाहीं.

आमचे मुंबईचे स्नेही जुन्या विजेच्या गाड्यांची आठवण काढून हळहळतात. तीं लांकडी बाकें, ती डब्याखालून येणारी धडधड, गाडी सुटतांना चढत जाणारा तो मोटारींचा घुमारा, पावसाळ्यांत तारेवर उडणारी निळी ठिणगी! आम्हांसही त्यांची हळहळ वाटते. परंतु आमच्या हळहळींत एक ठसठस आहे, ती त्यांच्या लेखीं नसते, म्हणून आज हा विषय घेतला.

विजेच्या गाडीस आगगाडी म्हणावें कीं नाहीं, हा आमच्या आजोबांचा आवडता वाद होता. तो बाजूस ठेवूं. आपल्या देशांत अशी पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदराहून कुर्ल्यास गेली. आमच्या बी. बी. सी. आय. रेल्वेनें ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत ती सुरू केली आणि १९३६ सालीं तार विरारपर्यंत आणली. तेथें ती थांबली. वस्तुतः आमच्या गांवांवरून रूळ गेले ते १८६४ सालींच; परंतु १८६७ च्या एप्रिलांत मुंबईची रोजची गाडी सुरू झाली तीही विरारपासूनच. त्यामुळें रूळ एक असूनही गांवें दोन जातींचीं झालीं: तारेखालचीं आणि तारेपलीकडचीं. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगांव, डहाणू हीं सारीं पलीकडचीं.

आमचे काका कोटांतील एका कचेरींत कारकून होते. आठवडाभर ते गिरगांवांत आप्तांच्या खोलींत राहत आणि शनिवारीं घरीं येत. विरारपर्यंत विजेच्या गाडीनें यावयाचें, तेथें उतरून धुराच्या शटलांत बसावयाचें. काकांचें पांढरें धोतर विरारपर्यंत पांढरें राही. वैतरणेचे पूल ओलांडून गाडी पालघरास लागे तों त्यावर कोळशाची भुकटी बसलेली असे, आणि काकी न बोलतां घंगाळांत पाणी काढीत. शटलांत सातपाटीच्या कोळणींच्या रिकाम्या पाट्या असत, केळवे-माहीमच्या पानवाल्यांचीं माणसें मुंबईचा भाव सांगत असत, वारली बायका गाठोडीं घेऊन खालींच बसत. बोईसरास उतरणाऱ्यांस पुढें तारापूर-चिंचणी गांठावयाची असल्यानें ते गाडी थांबण्याआधींच उभे राहत. ही सारी मंडळी एकमेकांस ओळखे. काका म्हणत, विजेच्या गाडींत माणूस दोन मिनिटांत परका होतो, आणि शटलांत त्याची लग्नपत्रिका निघते.

असें असूनही घरीं आल्यावर ते गोष्टी सांगत त्या विजेच्याच गाडीच्या. गाडी चालविणारा मोटरमन एका मुठीवर सारखा हात दाबून असतो. त्याला भोंवळ आली, हात सुटला, कीं गाडी आपोआप उभी राहते, हें ऐकून आम्ही थक्क झालों. दुसऱ्या दिवशीं माजघरांतील जात्याचा खुंटा आमची मूठ झाला. एकानें खुंटा धरून 'घूं' करावयाचें, बाकीच्यांनीं मागें ओळीनें बसावयाचें, आणि आजीनें पाठींत धपाटा घातला कीं हात सुटून गाडी उभी! दळण्याच्या वेळीं आमची लोकल नेहमीं उशिरां सुटे.

आमची थोरली बहीण माई ह्या खेळांत नसे. ती तेव्हां मोठी झाली होती. १९५७ सालीं ती एस्. एस्. सी. उत्तम रीतीनें पास झाली. तिला मुंबईस कॉलेजांत जावयाचें होतें. दादा दोन वर्षांपूर्वींच काकांच्या खोलींत जाऊन राहिला होता. तेथें आधींच पांच पुरुष निजत. मुलीस तेथें कोठें ठेवणार? रोज जावें-यावें, तर विरारास गाडी बदलावयाची, आणि परततांना शटल चुकलें तर अंधारांत फलाटावर बसून राहावयाचें. बोरिवलीच्या आमच्या आतेबहिणी मात्र विजेच्या गाडीनें रोज कॉलेजांत जाऊन दिवेलागणीस घरीं येत. बुद्धीनें त्या माईपेक्षां कांहीं अधिक नव्हत्या. त्यांचें घर तारेखालीं होतें, इतकेंच. नाना कठोर नव्हते. ते म्हणाले, "माई, विजेची गाडी पालघरास येऊं दे. दुसऱ्या दिवशीं तुझें नांव घालतों." त्यांना तें मनापासून वाटत होतें. तार आज ना उद्यां पुढें येणार, असें स्टेशनावर सारेच बोलत असत.

ती येणार नव्हती, हें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं कळलें. विरारपर्यंतची वीज १,५०० व्होल्टची व एकाच दिशेनें वाहणारी, म्हणजे डी. सी. होती. घरच्या नळाचें उदाहरण घ्या. पाण्यास जोर थोडा असला, तर नळ जाड लागतो आणि थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा जोर द्यावा लागतो. तसेंच येथें: तार जाड आणि दर कांहीं मैलांवर वीज पुरविणारें उपकेंद्र. दाट वस्तींत हा खर्च निघतो. भातखाचरांतून जाणाऱ्या मार्गावर निघणें कठीण. पुढें २५,००० व्होल्टची, क्षणोक्षणीं दिशा पालटणारी ए. सी. वीज वापरण्याची पद्धत निघाली. तिला तार बारीक पुरते आणि उपकेंद्रें दूर दूर चालतात. आपल्या रेल्वेनें नव्या मार्गांसाठीं तीच पत्करली. हा निर्णय झाला १९५७ सालीं, म्हणजे माईच्या परीक्षेच्याच वर्षीं. निर्णय योग्यच होता, ह्यांत आम्हांस शंका नाहीं. परंतु त्यामुळें विरारची जुनी तार जशीच्या तशी पुढें ओढली जाण्याची आशा संपली. आणि नाना स्टेशनमास्तरांस विचारीतच राहिले.

माईचें लग्न दोन वर्षांनीं चिंचणीस झालें. तिच्या सासरापासून थोड्याच अंतरावर, तारापुरास, देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र उभें राहिलें व १९६९ सालीं चालूं झालें. तेथील वीज महाराष्ट्रास आणि गुजराथेस जाऊं लागली. त्यानंतरच्या कांहीं वर्षांत आमच्याही रुळांवर तार आली, ती अर्थात् ए. सी.! धूर गेला, काकांचें धोतर वांचलें. तोंवर काका पेन्शनींत निघाले होते. मात्र मुंबईची लोकल डी. सी. वर चालणारी, तिचे डबे विरारपुढील तारेखालीं चालणें शक्य नव्हतें. लांबच्या गाड्यांसाठीं दोन्ही प्रवाहांवर चालणारीं एंजिनें झालीं. आमचें शटल मात्र विरारासच संपत राहिलें. दोन्हीकडे तार असतांना मध्यें गाडी बदलावयाची, ह्याचें कारण परगांवच्या पाहुण्यास समजावून देतां देतां आमची पिढी म्हातारी झाली.

अखेर फेब्रुवारी २०१२ मध्यें चर्चगेटपासून विरारपर्यंतचा सारा मार्ग ए. सी. झाला, आणि एप्रिल २०१३ मध्यें चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत येऊं लागली. १९३६ पासून मोजलीं तर सत्याहत्तर वर्षें झालीं. मधल्या काळांत पालघरांतच सोनोपंत दांडेकरांच्या नांवाचें कॉलेज निघालें होतें व माईच्या मुली तेथेंच शिकल्या, हेंही सांगितलें पाहिजे. आज त्या लोकलींत सकाळीं पाय ठेवावयास जागा नसते, आणि मुंबईस जाऊन येण्यांतच दिवसाचे चार-पांच तास जातात. तरी ती नको असें म्हणणारी एकही मुलगी आम्हांस भेटलेली नाहीं.

दिल्लीहून परतल्यावर मुलांनीं माईस एंजिनांचीं चित्रें दाखविलीं. तिनें चष्मा लावून तीं नीट पाहिलीं, "छान ठेवलंय हो पुसून," एवढेंच म्हणाली आणि पुन्हा गव्हले वळूं लागली. आम्हांस तेव्हां २०१३ सालचा मे महिना आठवला. लोकल सुरू होऊन महिना झाला होता. माईस दादरास भाच्याकडे जावयाचें होतें. आम्ही सोबतीस होतों. पालघरास बसलों, वैतरणेचे पूल गेले, आणि विरार जवळ येतांच माई पिशवी सांवरून उठली व दाराकडे चालूं लागली. "माई, आतां उतरायचं नाहीं," आम्ही म्हणालों. ती तशीच दांडा धरून उभी राहिली. गाडी थांबली, माणसें चढलीं, गाडी सुटली. नालासोपारें येईपर्यंत ती बसली नाहीं.