सांध्यांतली वाळू कोणत्या लेखाशीर्षात?

चेन्नईतील आमच्या सरकारी वसाहतीत फाटकापासून इमारतीपर्यंतचा गाडीरस्ता पेव्हर ब्लॉकांचा आहे. गेल्या नोव्हेंबरात एका हलत्या ब्लॉकला अडखळून शेजारच्या आजी पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. अहवालात कारण नोंदले गेले, 'अतिवृष्टी'. मला ते मान्य नाही. ईशान्य मोसमी पाऊस येथे दरवर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतो. तिथी कळवून येणाऱ्या पाहुण्यावर आळ कसा घ्यावा?

दोष सांध्यांत नसलेल्या वाळूचा आहे. हे ब्लॉक खाली चिकटवलेले नसतात. दोन ब्लॉकांमधील दोन ते चार मिलिमीटरच्या फटीत ठासलेली टोकदार कणांची वाळू त्यांना जखडते आणि चाकाचा भार शेजारच्या ब्लॉकांत वाटते. ती गेली की ब्लॉक एकटा पडतो, डुलू लागतो. ही वाळू भरताना कोरडीच हवी; ओली वाळू फटीच्या तोंडाशीच अडकते आणि खाली पोकळी राहते. शिवाय वाहने फिरू लागल्यावर ती खाली बसते, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा भरावी लागते. भारतीय रस्ते काँग्रेसने या फरसबंदीची मार्गदर्शक तत्त्वे २००४ मध्ये काढली आणि २०१८ मध्ये सुधारली. तेव्हा अज्ञानाची सबब चालणार नाही.

मग दुसरी भरणी होत का नाही? कारण ३१ मार्च! मार्चमध्ये चेन्नई कोरडी असते, काम योग्य ऋतूत होते, हे आमच्या वित्तीय वर्षाचे नकळत घडलेले पुण्य. परंतु दुसऱ्या भरणीची वेळ येते एप्रिल-मेमध्ये. तोवर मोजमाप पुस्तिका मिटलेली, देयक अदा झालेले आणि निविदेत त्या भरणीची बाबच नसते. देखभालीचे लेखाशीर्ष मागावे, तर उत्तर मिळते की काम नवेच आहे.

पहाटे कोलमसाठी दारात शिंपडलेल्या पाण्याने काही बिघडत नाही. बिघडते ते साहेबांच्या गाड्या नळीच्या धारेने धुतल्याने आणि गच्चीचा पन्हाळा थेट ब्लॉकांवर सोडल्याने. ज्या तमिळनाडूने २००३ मध्ये प्रत्येक इमारतीला पर्जन्यजलसंचय सक्तीचा केला, तेथे सरकारी आवारातच हे चालावे!

अपघातानंतर सुचवलेला उपाय तर अधिकच थोर : फटींत सिमेंट ओतणे. सिमेंट तडकते, मुरणारे थोडेफार पाणीही अडते आणि पुढे एक ब्लॉक काढायचा तर चार फुटतात.

मी टिपणी पाठवली. कडेचे सुटलेले दगड आधी पक्के करावेत, पन्हाळा वळवावा, मेच्या उन्हात वाळवलेली वाळू भरावी, आणि यापुढे दुसरी भरणी झाल्याखेरीज अंतिम देयक देऊ नये. शेरा आला, 'निधी उपलब्धतेनुसार, पावसाळ्यानंतर.' कोणत्या पावसाळ्यानंतर, असे मी फाइलवर विचारले आहे. आजी अजून वॉकर घेऊन चालतात.