देखभालीची पुस्तिका विकत कोणी घ्यायची?

ग्लायडरला इंजिन नसते. विंचच्या दोराने किंवा दुसऱ्या विमानामागे बांधून ते वर नेतात आणि पुढे ते वर चढणाऱ्या उष्ण हवेवर तरंगते. पुण्यात हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे ‘डीजीसीए’चे, ग्लायडिंग केंद्र आहे. नीट निगा राखली तर ग्लायडर तीस-चाळीस वर्षेही उडते. या काळात बनवणारी कंपनी देखभालीच्या पुस्तिकेत सुधारणा करते आणि काही कंपन्या सुधारित प्रतीचे पैसे मागतात. ती विकत घेणे मालकावर बंधनकारक आहे का, हा जुना वाद आहे.

उत्तरासाठी तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. पहिली, नियामकाचा सुरक्षा आदेश. तो पाळावाच लागतो आणि तो सर्वांना मोफत पाहता येतो. दुसरी, पुस्तिकेतील आयुर्मर्यादा, म्हणजे कोणता भाग किती तासांनी बदलायचा याची नियामकाने मान्य केलेली यादी. तीही बंधनकारक असते. तिसरी, उरलेली पुस्तिका, म्हणजे तपासणी आणि दुरुस्तीच्या पद्धती.

खरा वाद या तिसऱ्या भागाचा आहे. युरोपचे नियम आणि त्यांच्या धर्तीवर बेतलेला ‘डीजीसीए’चा ‘कार-एम’ सांगतो, की काम करणाऱ्याने लागू असलेली अद्ययावत माहितीच वापरावी. अमेरिकेत चालू पुस्तिकेखेरीज नियामकाला मान्य असलेली दुसरी पद्धतही चालते. कंपनीने सुधारणा उपलब्ध करून द्याव्यात असे तेथील नियम म्हणतो. फुकट द्याव्यात असे म्हणत नाही. थोडक्यात, मालकाने स्वतःची प्रत विकत घ्यावी असे बंधन नाही. पण काम करणाऱ्या अभियंत्याच्या हाती ताजी माहिती हवीच, आणि तिचा खर्च शेवटी बिलातून मालकाकडेच येतो.

हा केवळ कागदी वाद नाही, हे 2010 मध्ये दिसले. त्या वर्षी 12 जूनला ऑस्ट्रियात चेकोस्लोव्हाकियन बनावटीच्या ‘एल-13 ब्लानिक’ ग्लायडरचा पंख मुख्य तुळई तुटून निखळला आणि जीवघेणा अपघात झाला. कारण धातूच्या थकव्याकडे बोट दाखवत होते. आधी तपासणीचे आदेश निघाले. ती तपासणी पुरेशी नाही असे दिसल्यावर त्याच वर्षी ही ग्लायडर जमिनीवर ठेवण्याचा आदेश आला. विक्रीच्या वेळी मिळालेल्या पुस्तिकेत हे धोके असणे शक्यच नव्हते. यंत्र जुने होते, तसे त्याविषयीचे ज्ञान मात्र नवे होत जाते.

कंपन्यांचीही बाजू आहे. मोजक्या उरलेल्या ग्लायडरसाठी पुस्तिका सुधारत राहायला माणसे आणि पैसा लागतो. पण हा खर्च पैसे भरणाऱ्यावरच टाकला, तर हात आखडलेला मालक जुन्या प्रतीवर काम भागवतो, आणि धोका वैमानिक पत्करतो.

बिलोलीत ग्लायडर नाही, पण हाच प्रश्न आहे. ट्रॅक्टर बंद पडला, की गावातल्या मिस्त्रीकडे त्या मॉडेलची माहिती असेलच असे नाही. तालुक्याच्या रुग्णालयातील ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा नवजात बाळाचा वॉर्मर बिघडला, तर कंपनीचा माणूस नांदेडहून किंवा हैदराबादहून येईपर्यंत थांबायला रुग्णाकडे वेळ नसतो.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात घेतली. वैद्यकीय उपकरणे त्या चारांत नाहीत.

उपाय फार अवघड नाही. ज्या माहितीवर जीव अवलंबून आहे, तिची किंमत यंत्राच्या किमतीतच धरावी आणि पुढील सुधारणा मोफत मिळाव्यात. सरकारी रुग्णालयासाठी खरेदी करताना दुरुस्ती पुस्तिका आणि यंत्राच्या आयुष्यभराच्या सुधारणा ही अट करारातच घालता येते. यंत्र आल्यावर ती मागायला गेले, तर कंपनी सांगेल तीच किंमत द्यावी लागते.