गुणांच्या चाळणीतून संशोधक मिळेल?

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेला पदवी अभ्यासक्रम राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ मध्ये सुरू झाला आणि संलग्न महाविद्यालयांत त्याच्या पुढच्या वर्षी. त्या पहिल्या तुकडीचे चौथे वर्ष म्हणजे २०२६-२७. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडायचे, की आणखी एक वर्ष थांबून 'संशोधनासह ऑनर्स' मिळवायची, हा निर्णय या तुकडीपासून विद्यार्थ्यांच्या वाट्याला आला. घरोघरी त्याची चर्चा होते ती शुल्क, 'वाया जाणारे' वर्ष आणि परदेशी विद्यापीठांतील प्रवेश या अंगाने. ते स्वाभाविकच आहे. पण त्याआधीचा एक प्रश्न चर्चेत येतच नाही. पदवीच्या वर्षांत विद्यार्थ्याची बौद्धिक वाढ होते म्हणजे नेमके काय होते आणि ती वाढ ओळखण्याची सोय या व्यवस्थेत आहे काय?

या प्रश्नाची कसोटी पाहायची तर मेंदूविज्ञानासारखा विषय दुसरा नाही. अमेरिकेतील अ‍ॅमहर्स्ट कॉलेजने १९७३ मध्येच तो पदवीपातळीवर स्वतंत्र विषय म्हणून शिकवायला घेतला. भारतात मात्र मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळूरची 'निम्हान्स' आणि भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांसारखी नामवंत ठिकाणे आहेत, पण तेथे भर आहे तो पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडीवर. पदवीच्या विद्यार्थ्याला हा विषय भेटतो तो प्राणिशास्त्राच्या एखाद्या प्रकरणात किंवा मानसशास्त्राच्या एखाद्या पेपरात. शिवाय हा विषय कोणत्याही एका विद्याशाखेत मावत नाही. समुद्रातील स्क्विड या प्राण्याच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये विद्युत संदेश कसा वाहतो ते दाखवले, ते गणिती समीकरणांच्या भाषेत. बारावीनंतर 'गणित सुटले' म्हणून जीवशास्त्राकडे वळलेल्या विद्यार्थ्याला येथे गणित पुन्हा गाठते. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्र गाठते आणि भौतिकीच्या विद्यार्थ्याला जिवंत प्राण्याचा लहरीपणा.

या विषयातील विद्यार्थ्याची पहिली पायरी असते ती नावांची. मेंदूचे भाग, रसायने, पेशींचे प्रकार, आजार. घोकंपट्टीत तयार झालेली आपली मुले ही पायरी सहज चढतात आणि परीक्षाही बहुतांशी येथेच संपते. परंतु या विषयात पाठ केलेले फार काळ टिकत नाही. मानवी मेंदूत सुमारे १०० अब्ज चेतापेशी असतात, हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून अनेक दशके छापले जात होते. ब्राझीलमधील संशोधकांनी पेशी मोजण्याची नवी पद्धत वापरली आणि २००९ मध्ये हा आकडा सुमारे ८६ अब्ज असल्याचे दाखवले. आकडा बदलला ही यातील लहान गोष्ट. एवढी वर्षे तो आकडा कशाच्या आधारावर सांगितला जात होता, असे विचारण्याची बुद्धी होणे ही मोठी गोष्ट. 'काय' या प्रश्नाकडून 'कशावरून' या प्रश्नाकडे झालेला हा प्रवास म्हणजे दुसरी पायरी.

या पायरीवर विषयाचा इतिहासच शिक्षक होतो. इटलीच्या कॅमिल्लो गोल्जी यांनी चेतापेशी रंगवून दाखवण्याची पद्धत शोधली. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी तीच पद्धत सुधारून वापरली. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांनी पाहिले ते एकाच प्रकारचे दृश्य. गोल्जींना त्यात सलग विणलेले जाळे दिसले, काहाल यांना सुट्या, स्वतंत्र पेशी दिसल्या. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले, तेव्हाही त्यांचे मतैक्य नव्हते. पुढे पुरावा काहाल यांच्या बाजूने गेला. पाठ्यपुस्तकात या साऱ्याचे 'चेतापेशी हा मज्जासंस्थेचा घटक आहे' असे एक वाक्य उरते. ते वाक्य लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला गुण मिळतात. त्यामागचा वाद समजलेल्या विद्यार्थ्याला, डोळ्यांना दिसते त्याचाही अर्थ लावावा लागतो, हे कळते.

वैद्यकाच्या इतिहासात 'एच. एम.' या आद्याक्षरांनी ओळखल्या गेलेल्या रुग्णाची कथाही अशीच. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा काही भाग शस्त्रक्रियेने काढण्यात आला. झटके कमी झाले, पण नव्या घटना स्मरणात ठेवण्याची शक्ती गेली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून आकृती गिरवण्याचा सराव दिला. रोज त्याचा हात सुधारत गेला, मात्र आदल्या दिवशी आपण हे केले होते, हे त्याला आठवत नसे. स्मृती एकच नसते, तिचे प्रकार असतात, हा निष्कर्ष यंत्रापेक्षाही एका नेमक्या प्रश्नातून निघाला. स्मरणशक्ती गेलेल्या माणसाला काय येत नाही हे सगळेच तपासत होते. त्याला काय अजूनही येते हे विचारणे, ही खरी झेप होती.

तिसरी पायरी संशयाची. ती सर्वांत अवघड आणि सर्वांत आवश्यक. २००९ मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी एक मेलेला सामन मासा मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात ठेवला आणि त्याला माणसांची छायाचित्रे 'दाखवली'. नेहमीची संख्याशास्त्रीय काळजी न घेता केलेल्या गणितात मेलेल्या माशाच्या मेंदूतही 'हालचाल' दिसली. विनोद वाटावा असा हा प्रयोग एका गंभीर दोषाकडे बोट दाखवणारा होता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने मेंदूविज्ञानातील बऱ्याच अभ्यासांत नमुने इतके थोडे असतात की त्यांचे निष्कर्ष भरवशाचे मानता येत नाहीत, असे दाखवून दिले. स्मृतिभ्रंशाच्या एका विशिष्ट प्रथिनाविषयी 'नेचर'मध्ये २००६ साली आलेला आणि असंख्य वेळा आधारासाठी घेतला गेलेला शोधनिबंध प्रतिमांमधील फेरफारामुळे २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. हे वाचून पदवीचा विद्यार्थी विज्ञानावरचा विश्वास गमावून बसला, तर शिक्षण फसले. शोधनिबंधाचा सारांश बाजूला ठेवून आधी कार्यपद्धतीचा भाग वाचू लागला, तर साधले.

आता आपल्या महाविद्यालयांकडे पाहू. आपल्याकडे 'जर्नल' हा शब्द उच्चारला की विज्ञानाच्या विद्यार्थ्याला आठवते ती प्रात्यक्षिकाची वही. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याची वही समोर ठेवून ती पूर्ण होते, अपेक्षित उत्तराला जुळतील अशी रीडिंग्ज बसवली जातात आणि सही मिळते. प्रयोग चुकला असे लिहिणाऱ्याचे गुण जातात. संशोधन मात्र सुरू होते तेच अपेक्षेप्रमाणे न आलेल्या रीडिंगपासून. तीन वर्षे ज्याला आकडे जुळवण्याची सवय लावली, त्याच्याकडून चौथ्या वर्षी प्रामाणिक निरीक्षणाची अपेक्षा करायची, हा विरोधाभास आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला १२० आणि चार वर्षांच्या पदवीला १६० श्रेयांक आहेत. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्यालाच चौथ्या वर्षी संशोधनाची शाखा घेता येते. त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम अध्यापक हवेत, अशीही अपेक्षा आहे. दिशा योग्य आहे, हे मान्य करायलाच हवे. पण या रचनेत दोन अडचणी आहेत. पहिली अडचण चाळणीची. संशोधनास योग्य कोण, हे ठरवायचे ते पहिल्या पायरीवर मिळालेल्या गुणांवरून. म्हणजे उत्तम उत्तरे देणारे निवडायचे आणि त्यांना प्रश्न विचारायला सांगायचे. दुसरी अडचण वेळेची. प्रश्न विचारण्याची सवय एका वर्षात, तीही शेवटच्या वर्षात लागत नाही. त्यात अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त पदे आणि तासिका तत्त्वावर राबणारे अध्यापक लक्षात घेतले, तर दोन कायम मार्गदर्शकांची अट अनेक तालुक्यांच्या महाविद्यालयांना दाराबाहेरच ठेवील.

यावर ठरलेले उत्तर असते ते पैशाचे. मेंदूचे संशोधन महागडे, कोट्यवधींच्या यंत्रांचे, आपल्या महाविद्यालयांना ते कसे परवडणार? हे अर्धसत्य आहे. केनियात जन्मलेल्या, गोव्यात मूळ असलेल्या कुटुंबातील व्हेरोनिका रॉड्रिग्ज डब्लिनमध्ये पदवी घेऊन १९७० च्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या आणि ओबेद सिद्दीकी यांच्या प्रयोगशाळेत फळमाशीला चव आणि वास कसे कळतात याचा शोध घेऊ लागल्या. बाटलीत, मक्याच्या पिठाच्या खाद्यावर वाढणाऱ्या या माशीवरील मुंबईतील कामाची दखल जगाने घेतली. त्याच माशीच्या प्रौढ मेंदूचा संपूर्ण नकाशा ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला: १ लाख ३९ हजारांहून अधिक चेतापेशी आणि त्यांच्यातील सुमारे ५ कोटी जोडण्या. तो सर्वांना विनामूल्य पाहता येतो आणि तो तयार करण्यात संशोधकांबरोबर हौशी स्वयंसेवकांचाही हात होता. चेन्नईच्या आयआयटीने डिसेंबर २०२४ मध्ये मानवी गर्भाच्या मेंदूचे ५,१३२ छेद असलेला नकाशासंग्रह असाच खुला केला. केंद्र सरकारच्या 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' योजनेमुळे जानेवारी २०२५ पासून केंद्र व राज्य सरकारांच्या संस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिके उपलब्ध झाली. सामग्री दारात आली आहे. ती कशी वाचावी हे शिकवणारा माणूस आणि त्याला लागणारा वेळ यांची वाण आहे.

म्हणूनच उपायही फार भव्य असण्याचे कारण नाही. पहिल्या वर्षापासून आठवड्याचा एक तास एकच शोधनिबंध वाचण्यास देता येईल. प्रात्यक्षिकात अपेक्षित उत्तरापेक्षा नोंदींच्या खरेपणाला आणि चुकीच्या कारणमीमांसेला गुण देता येतील. एका शहरातील चार महाविद्यालये आणि तेथील वैद्यकीय महाविद्यालय यांना मिळून मार्गदर्शकांचा गट उभा करता येईल. पुण्यातील 'आयसर'सारख्या संस्थेत पाचव्या वर्षाचा प्रबंध अंगवळणी पडला आहे, तो आधीच्या वर्षांत प्रयोगशाळेची सवय झालेली असते म्हणून. मात्र मार्गदर्शनाचे तास अध्यापकाच्या कार्यभारात मोजले गेले नाहीत, तर 'प्रकल्प' म्हणजे बाजारात बांधून मिळणारी आणखी एक वही होईल. अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पांचे काय झाले, हे शहरांना ठाऊक आहे.

हा प्रश्न केवळ भावी शास्त्रज्ञांचा असता, तर त्याची एवढी चिंता करण्याचे कारण नव्हते. काही वर्षांपूर्वी राज्यातील शहरांत 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'चे वर्ग जोरात चालले. डोळ्यांवर पट्टी बांधून मुले वाचतात, असा दावा होता आणि सुशिक्षित पालकांनी त्यासाठी हजारो रुपये मोजले. मुले पट्टीच्या फटीतून पाहतात, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी साध्या चाचणीने दाखवून दिले. ती चाचणी करायला प्रयोगशाळा लागली नाही, लागला तो 'कशावरून?' हा प्रश्न. त्या पालकांत विज्ञानाचे पदवीधर नव्हते असे कोण म्हणेल?

पदवीच्या विद्यार्थ्यांतील बहुतेक जण संशोधक होणार नाहीत. कोणी शिक्षक होईल, कोणी औषध कंपनीत जाईल, कोणी रुग्णाच्या नातेवाइकाच्या नात्याने डॉक्टरांसमोर बसेल. त्या प्रत्येकाला स्मृतिभ्रंशाच्या नव्या औषधाची जाहिरात, मुलाच्या 'मेंदूचाचणी'चा अहवाल, वर्तमानपत्रातील खळबळजनक बातमी तपासून पाहावी लागेल. संशोधनाचे शिक्षण ७५ टक्क्यांपलीकडच्यांसाठी राखून ठेवायचे की प्रत्येक पदवीधराचा तो हक्क मानायचा, हे चौथ्या वर्षाच्या पहिल्या तुकड्यांच्या अनुभवावरून ठरणार आहे. चाळण लावायचीच असेल, तर ती शेवटी लावावी. आधी सर्वांना प्रश्न विचारू द्यावेत.